चौरस फुटावर मोजलेला उजेड

३० जून २०२६ नंतर ज्या कामाला सुरुवात होईल, त्याला अमेरिकी प्राप्तिकर कायद्यातल्या कलम १७९-डीची वजावट मिळणार नाही. ४ जुलै २०२५ रोजी अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी ज्या भल्यामोठ्या करविधेयकावर सही केली, त्यात ही तारीख घातली गेली. कचेऱ्या, दुकाने, गोदामे, शाळा, इस्पितळे यांतले दिवे बदलून वीज वाचवणाऱ्यांना वीस वर्षे मिळत आलेल्या करसवलतीचा शेवट त्या तारखेने ठरवला. विधेयकातल्या इतर तरतुदींवर एवढे रण माजले की या कलमाबद्दल व्यवसायातल्या माणसांपलीकडे फारसे कुणी बोलले नाही. प्रस्तुत पुस्तक त्या कलमाची हकीकत सांगते, आणि ती सांगायला हीच वेळ योग्य आहे. कायद्याचे सगळे आयुष्य आता समोर आहे, आणि त्याच्याबरोबर ज्यांनी काम केले ते अभियंते, हिशेबनीस आणि ठेकेदार अजून कामात आहेत.

अमेरिकेच्या ऊर्जा माहिती प्रशासनाने केलेल्या व्यापारी इमारतींच्या पाहण्यांतले आकडे शेजारी शेजारी ठेवले की विषयाचा आवाका कळतो. २००३ मध्ये या इमारतींत लागणाऱ्या विजेपैकी ३८ टक्के वीज दिव्यांवर खर्च होत होती. २०१२ मध्ये हा वाटा १७ टक्क्यांवर आला होता. एवढी मोठी घट पाहिली की मनात पहिले नाव येते ते एलईडीचे. पण २०१२ साली अमेरिकेतल्या जेमतेम ९ टक्के व्यापारी इमारतींत एलईडी दिवे होते. ४४ टक्के इमारतींत ते पोचायला २०१८ उजाडले. म्हणजे मोठी झेप एलईडीच्या आधीच घेतली गेली होती. ती कशाच्या जोरावर? नव्या ट्यूब आणि चोक, सरकारने घातलेले नियम, वीज कंपन्यांनी दिलेले पैसे, की करातली वजावट? यातल्या कोणाचे श्रेय किती, हा या क्षेत्रातला सर्वांत जुना वाद आहे आणि पुस्तकाच्या पानापानांतून तो वाहतो.

आधी दिव्यांविषयी. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकी कचेरीच्या छतात ज्या ट्यूब असत त्यांना टी-१२ म्हणत. जाडी इंचाच्या आठव्या हिश्शात मोजण्याची पद्धत असल्यामुळे टी-१२ म्हणजे दीड इंच जाडीची नळी, टी-८ म्हणजे एक इंचाची. चार फुटी चार टी-१२ नळ्या आणि जुने लोखंडी गाभ्याचे चोक असलेले एक फिटिंग सुमारे १४४ वॅट खाई. तेच फिटिंग टी-८ नळ्या आणि इलेक्ट्रॉनिक चोक लावून ११० वॅटच्या आसपास येई. नळ्या कमी करून मागे चांगला परावर्तक बसवला तर आणखी खाली. आज त्याच जागी बसणारा एलईडी पॅनेल साधारण ४० वॅटमध्ये काम भागवतो. गोदामांच्या उंच छतांना ४०० वॅटचे मेटल हॅलाइड दिवे टांगलेले असत. ते पेटायला वेळ लागे, म्हणून कुणी त्यांना दिवसभर बंदच करत नसे.

या दिव्यांकडे पैशाच्या आणि ऊर्जेच्या नजरेने पाहायला लावणाऱ्या माणसांत आर्थर रोझेनफेल्ड यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. एन्रिको फर्मी यांच्या हाताखाली शिकलेले हे कणभौतिकीचे शास्त्रज्ञ बर्कलीच्या प्रयोगशाळेत काम करत. १९७३ मध्ये अरब देशांनी तेल रोखले, पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. त्या नोव्हेंबरात एका शुक्रवारी रात्री घरी निघताना रोझेनफेल्ड यांच्या लक्षात आले की आपल्या मजल्यावरचे सगळे दिवे शनिवार-रविवारभर असेच जळत राहणार आहेत. दिवे बंद करायला ते निघाले, तर बटणेच सापडेनात. कुठे फाइलींच्या कपाटामागे, कुठे पुस्तकांच्या मांडणीमागे, कुठे भिंतीवरच्या चित्रामागे ती दडलेली. इतकी वर्षे कुणी ती वापरलीच नव्हती. रोझेनफेल्ड यांनी पुढे कणभौतिकी सोडली आणि उरलेले आयुष्य इमारतींच्या ऊर्जेला दिले. त्यांच्याच प्रयोगशाळेत सॅम बर्मन यांच्या गटाने उच्च वारंवारतेवर चालणाऱ्या इलेक्ट्रॉनिक चोकवर काम केले, आणि टी-८ची झेप त्या चोकशिवाय शक्य नव्हती.

त्या तेलटंचाईतूनच करसवलतींचा मार्गही निघाला. १९७८ मध्ये जिमी कार्टर यांच्या कारकिर्दीत ऊर्जा कर कायदा झाला. घराला उष्णतारोधक थर देणाऱ्यांना खर्चाच्या १५ टक्के आणि उद्योगांच्या ठरावीक गुंतवणुकीला १० टक्के करजमा, म्हणजे थेट करातून सूट, मिळू लागली. तेल पुन्हा स्वस्त झाले तशा ऐंशीच्या दशकात यातल्या बहुतेक सवलती मावळल्या. १९९१ च्या जानेवारीत पर्यावरण संरक्षण संस्थेने ‘ग्रीन लाइट्स’ नावाची ऐच्छिक मोहीम सुरू केली. कंपन्यांनी स्वतःच्या इमारतींची पाहणी करावी आणि जिथे फायदा होतो तिथे पाच वर्षांत दिवे बदलावेत, एवढेच तिचे म्हणणे. सरकारने मोहिमेत पैसा घातला नव्हता. माहिती, सल्ला आणि कौतुक दिले होते. पुढे ही मोहीम ‘एनर्जी स्टार’मध्ये मिसळली. १९९२ च्या ऊर्जा धोरण कायद्याने ट्यूबांसाठी किमान कार्यक्षमता ठरवली. दरम्यान वीज कंपन्या ग्राहकांना नवे दिवे लावण्यासाठी रोख परतावा देऊ लागल्या होत्या, कारण नवे वीजकेंद्र उभारण्यापेक्षा जुनी मागणी कमी करणे त्यांना स्वस्त पडत होते. ऊर्जातज्ज्ञ ॲमरी लोव्हिन्स यांनी न वापरलेल्या विजेला बाजारात किंमत मिळाली पाहिजे हा विचार याच काळात देशभर फिरून मांडला.

अशा पार्श्वभूमीवर ८ ऑगस्ट २००५ रोजी जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी नव्या ऊर्जा धोरण कायद्यावर सही केली. त्यातून प्राप्तिकर कायद्यात कलम १७९-डी आले आणि १ जानेवारी २००६ पासून लागू झाले. मूळ रचना अशी: इमारतीचा ऊर्जाखर्च ॲशरे या अभियंत्यांच्या संस्थेच्या ९०.१ क्रमांकाच्या मानकाच्या २००१ च्या आवृत्तीपेक्षा ५० टक्क्यांनी कमी झाला, तर दर चौरस फुटाला १.८० डॉलरपर्यंत वजावट. संपूर्ण इमारतीला ते जमत नसेल तर दिवे, वातानुकूलन आणि बाह्य कवच या तीन भागांपैकी प्रत्येकासाठी जास्तीत जास्त ६० सेंट.

दिव्यांसाठी मात्र कायद्याने एक वेगळी, सोपी वाट ठेवली आणि तीच सर्वांत जास्त वर्दळीची ठरली. तिला अंतरिम प्रकाश नियम म्हणत. इमारतीची संगणकावर प्रतिकृती उभी करायची गरज नाही, वर्षभराच्या विजेचा अंदाज नको. छतातल्या सगळ्या दिव्यांचे वॅट मोजा, क्षेत्रफळाने भागा. कचेरीला २००१ चे मानक दर चौरस फुटाला १.३ वॅटची मुभा देत होते. तुमचा आकडा त्याहून २५ टक्के कमी आला तर ३० सेंट, ४० टक्के कमी आला तर पूर्ण ६० सेंट, मधल्या आकड्यांना त्या प्रमाणात. गोदामांना अट कडक होती: १.२ वॅटच्या मुभेपेक्षा थेट ५० टक्के कपात, नाहीतर काहीच नाही. कारणही उघड होते. गोदामांना दिलेली मूळ मुभाच सैल होती. २००४ च्या आवृत्तीत ती ०.८ वॅटवर आणली गेली.

वॅट कमी करायचे म्हणून लोकांना अंधारात बसवू नये, याचीही काळजी नियमात होती. प्रकाश अभियांत्रिकी संस्थेच्या पुस्तिकेने त्या त्या कामासाठी सांगितलेला किमान उजेड मिळालाच पाहिजे. बहुतेक खोल्यांतले दिवे किमान दोन पातळ्यांवर लावता आले पाहिजेत, म्हणजे दुपारी खिडकीतून ऊन येत असताना निम्मे दिवे बंद ठेवता यावेत. काम पूर्ण झाल्यावर त्या राज्याचा परवाना असलेल्या, मालकाशी नाते नसलेल्या अभियंत्याने किंवा ठेकेदाराने जागेवर येऊन पाहायचे आणि प्रमाणपत्र द्यायचे. करकायद्याच्या एका उपकलमाने अभियंत्याला शिडीवर चढून फिटिंग मोजायला लावले, ही या नियमाची खरी थोरवी आहे.

पैशाचा हिशेब उदाहरणाने कळतो. ५०,००० चौरस फुटांच्या कचेरीला पूर्ण दराने ३०,००० डॉलरची वजावट मिळे. ही करजमा नव्हती. करपात्र उत्पन्नातून ही रक्कम वजा होई. कंपनीकर ३५ टक्के होता तेव्हा त्यातून १०,५०० डॉलरचा कर वाचे. २०१८ पासून दर २१ टक्के झाला तशी बचत ६,३०० डॉलरवर आली. शिवाय त्या रकमेवर पुढे घसारा मिळत नसे. वजावट नसती तर अमेरिकेत व्यापारी इमारतीच्या भागावर साधारणपणे ३९ वर्षांत विभागून घसारा घ्यावा लागला असता, म्हणजे या ३०,००० डॉलरपोटी वर्षाला सुमारे ७६९ डॉलर. वजावटीने जे दिले ते मुख्यतः वेळेच्या रूपात: ३९ वर्षांत थेंबथेंब मिळणारे पहिल्या वर्षी एकगठ्ठा. याचे मोल हिशेबनिसाला कळते, पण दिवे बदलायचा निर्णय घेणाऱ्या व्यवस्थापकाला ते समजावून सांगावे लागते. वीज कंपनीचा परताव्याचा धनादेश समजावून सांगावा लागत नाही. करसवलतीची ही जन्मजात अडचण आहे, आणि पुस्तकाने ती लपवलेली नाही.

दुसरी अडचण मालक आणि भाडेकरू यांच्यातली. अनेक अमेरिकी भाडेकरारांत वीजबिल भाडेकरू भरतो आणि फिटिंग मालकाची असतात. मालकाने खर्च करावा आणि बचत भाडेकरूच्या खिशात जावी, असे असेल तर मालक हात का घालील? कायद्याने वजावट ज्याने खर्च केला त्याच्याकडे ठेवली. भाडेकरूने स्वतःच्या पैशाने दिवे बसवले तर तो ती घेऊ शके. यामुळे दरी थोडी अरुंद झाली, बुजली मात्र नाही.

तिसरी अडचण सरकारी इमारतींची. शाळा, नगरपालिका, लष्करी तळ कर भरतच नाहीत. त्यांना वजावट देऊन उपयोग काय? कायद्याने इथे एक अनोखा मार्ग काढला. सरकारी मालक ही वजावट इमारतीची रचना करणाऱ्या वास्तुविशारदाला किंवा अभियंत्याला लेखी देऊन टाकू शकतो. २००८ मध्ये प्राप्तिकर खात्याने याचे तपशील जाहीर केले आणि त्याभोवती सल्लागारांचा एक स्वतंत्र व्यवसाय उभा राहिला. ज्याने दिव्यांवर पैसे खर्च केले नाहीत त्याच्या पदरात लाभ, आणि तोही चौरस फुटावर मोजलेला, यातून वाद होणे अटळ होते. असाच एक वाद माजी सैनिकांच्या इस्पितळातल्या नियंत्रण यंत्रणेवरून अमेरिकी कर न्यायालयात गेला. ते काम केलेल्या कंपनीने मागितलेली वजावट दहा लाख डॉलरहून जास्त होती. २०२३ च्या निकालात न्यायालयाने ती यंत्रणेवर प्रत्यक्ष झालेल्या खर्चाएवढी, म्हणजे सुमारे तीन लाख डॉलरवर आणली. क्षेत्रफळाने गुणून येणारा आकडा ही कमाल मर्यादा आहे, खर्चापलीकडे जाण्याचा परवाना नाही, हे त्या निकालाने स्पष्ट केले.

या सगळ्यांहून मोठे नुकसान मुदतीने केले. १७९-डी जन्मापासून तात्पुरते होते. २००६ च्या अखेरीस ते २००८ पर्यंत वाढवले, २००८ च्या आर्थिक संकटातल्या कायद्याने २०१३ पर्यंत. त्यानंतर घडी विस्कटली. २०१४ या वर्षासाठीची मुदतवाढ त्याच वर्षाच्या १९ डिसेंबरला मिळाली. २०१५ आणि २०१६ साठीची डिसेंबर २०१५ मध्ये. २०१७ साठीची ९ फेब्रुवारी २०१८ रोजी, म्हणजे ते वर्ष संपून गेल्यावर. २०१८ आणि २०१९ साठीची २० डिसेंबर २०१९ रोजी, २०२० धरून. मार्च २०१७ मध्ये गोदामाचे दिवे बदलावेत की नाही असा विचार करणाऱ्या मालकाला त्या दिवशी ही सवलत उपलब्ध नव्हती. ज्याने तरीही बदलले त्याला वर्षभराने बक्षीस मिळाले. ज्याने सवलतीअभावी बेत सोडला, त्याला त्या कायद्याने काहीच दिले नाही. उत्तेजन द्यायचे ते निर्णयाच्या आधी द्यावे लागते. २७ डिसेंबर २०२० रोजी अखेर कलम कायमस्वरूपी झाले, दर महागाईशी जोडले गेले. ते कायमपण साडेचार वर्षे टिकले.

मध्ये एक मोठे वळणही येऊन गेले. १६ ऑगस्ट २०२२ रोजी जो बायडेन यांनी सही केलेल्या महागाई घट कायद्याने २०२३ पासून कलमाची पुनर्रचना केली. आता २५ टक्के बचतीपासून वजावट सुरू होऊन ५० टक्क्यांपर्यंत वाढत जाणार. मूळ दर ५० सेंट ते १ डॉलर, पण कामगारांना त्या भागातले प्रचलित वेतन दिले आणि शिकाऊ कामगार घेतले तर पाचपट, म्हणजे २.५० ते ५ डॉलर. जुन्या इमारतींसाठी प्रत्यक्ष मोजलेल्या वापरावर आधारलेला नवा मार्ग आला. धर्मादाय संस्थांच्या इमारतीही सरकारी इमारतींप्रमाणे वजावट दुसऱ्याला देऊ शकू लागल्या. आकडे डोळे दिपवणारे होते, आणि त्या आकड्यांआड दिव्यांची स्वतंत्र वाट बंद झाली. आता बचत मोजायची ती संपूर्ण इमारतीची. दिव्यांचा वाटाच जिथे लहान उरला आहे, तिथे फक्त दिवे बदलून इमारतीच्या ऊर्जाखर्चात २५ टक्के कपात कशी आणणार? वातानुकूलन नसलेल्या गोदामात ते जमते, साध्या कचेरीत जवळजवळ नाही. शिडी घेऊन वॅट मोजणाऱ्या छोट्या ठेकेदाराचा काळ तिथे संपला आणि ऊर्जा-प्रतिकृती बनवणाऱ्या मोठ्या सल्लागारांचा सुरू झाला.

हा बदल निव्वळ तांत्रिक नव्हता. या क्षेत्रात विचारांचे तीन-चार प्रवाह कायम एकमेकांना छेदत आले आहेत. रोझेनफेल्ड यांच्या परंपरेतले लोक म्हणतात की मानके कडक करा. कॅलिफोर्नियाने १९७८ पासून इमारतींसाठी तेच केले. परताव्याच्या बाजूचे लोक वस्तूवर भर देतात: चांगल्या दिव्याची यादी करा, त्या दिव्यावर पैसे द्या. डिझाइनलाइट्स कन्सॉर्शियम या संस्थेने केलेली एलईडी दिव्यांची यादी आज अनेक वीज कंपन्यांच्या परताव्यांचा आधार आहे. तिसरा प्रवाह संपूर्ण इमारतीकडे एकसंध पाहणाऱ्यांचा: दिवे कमी तापले की वातानुकूलनही कमी लागते, म्हणून एकेक भाग सुटा मोजू नका. २०२२ चा कायदा या प्रवाहाचा विजय होता. आणि चौथे अर्थशास्त्रज्ञ. ॲडम जाफी आणि रॉबर्ट स्टॅव्हिन्स यांनी १९९४ मध्ये एक मूलभूत प्रश्न मांडला: फायद्याची असूनही माणसे कार्यक्षम वस्तू घेत नाहीत, यातले बाजाराचे अपयश किती आणि आपल्याला न दिसणारे खरे खर्च किती? त्यांच्या मागोमाग येणारा प्रश्न आणखी टोचरा आहे: जो मालक सवलतीविनाही दिवे बदलणारच होता, त्याला कराचा पैसा का द्यावा? १७९-डीला कितीतरी वर्षे स्वतंत्र अर्जच नव्हता. वजावट विवरणपत्रातल्या ‘इतर वजावटीं’त मिसळून जाई. फॉर्म ७२०५ आला तो अगदी अलीकडे. त्यामुळे या प्रश्नाचे आकड्यांत चोख उत्तर देणे कठीण झाले आहे. कायदा करतानाच मोजणीची सोय करायला हवी होती, हे इथे ठणकावून सांगितले पाहिजे.

मानकांच्या बाजूने मात्र एक विलक्षण पुरावा आहे. २००५ च्या कायद्याने कचेरीसाठी सर्वोच्च बक्षीस ठेवले होते ते १.३ वॅटच्या ४० टक्के खाली, म्हणजे ०.७८ वॅटवर. ॲशरे मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीत कचेरीची सर्वसाधारण मुभाच ०.७९ वॅट झाली, आणि २०१९ च्या आवृत्तीत ०.६४. ज्याला दहा वर्षांपूर्वी पैसे देऊन बोलवावे लागत होते, ते आता किमान पात्रतेचे झाले. करसवलतीने वाट मळली म्हणून मानक पुढे सरकू शकले, की तंत्रज्ञान दोघांनाही ओढत होते? पुस्तकाचा कल पहिल्या उत्तराकडे झुकतो, पण दुसऱ्यालाही तिथे पूर्ण जागा आहे.

आज याचे महत्त्व का, तर १७९-डी संपल्यावरही दिव्यांवरची करसवलत संपत नाही. जुन्या व्यापारी इमारतीच्या आतल्या सुधारणांना अमेरिकी कायद्यात वेगळा वर्ग आहे. २०१७ च्या करसुधारणेत मसुद्यातल्या चुकीमुळे त्याला ३९ वर्षांचेच आयुर्मान राहिले. मार्च २०२० मध्ये ती चूक दुरुस्त होऊन ते १५ वर्षांवर आले. २०२५ च्या कायद्याने १९ जानेवारी २०२५ नंतर घेतलेल्या अशा मालमत्तेला पहिल्याच वर्षी १०० टक्के घसारा कायमचा केला. म्हणजे चालू कचेरीत नवे दिवे बसवणारा मालक त्यांची पूर्ण किंमत पहिल्या वर्षी वजा करू शकतो. फरक इतकाच की आता कुणी वॅट विचारत नाही. उधळा दिवा आणि काटकसरी दिवा करखात्याच्या नजरेत सारखेच. या पुस्तकाचा मुख्य मुद्दा इथे आहे: १७९-डीची खरी देणगी रक्कम नव्हती, रकमेला बांधलेली अट होती. रक्कम दुसऱ्या दाराने परत आली, अट गेली. तिची जागा आता वीजबिल आणि राज्याराज्यांची बांधकाम मानके यांनाच भरून काढावी लागेल.

इतर देशांनीही हा प्रयोग केला आहे. ब्रिटनने २००१ पासून कार्यक्षम उपकरणांच्या सरकारी यादीतल्या वस्तूंना पहिल्या वर्षी पूर्ण भांडवली सूट दिली आणि एप्रिल २०२० मध्ये ती थांबवली. नेदरलँड्स १९९७ पासून दरवर्षी यादी ताजी करून वजावट देते. भारताने वेगळा रस्ता धरला. ऊर्जा वाचवणाऱ्या ठरावीक उपकरणांना इथे ८० टक्के घसारा होता, पण ती यादी बॉयलर, भट्ट्या, वाया जाणारी उष्णता परत मिळवणारी यंत्रे अशी कारखान्याकडे कललेली. आणि १ एप्रिल २०१७ पासून घसाऱ्याची कमाल ४० टक्क्यांवर आली. दिव्यांच्या बाबतीत भारताने कराऐवजी घाऊक खरेदीचा हत्यार म्हणून वापर केला. २०१५ मध्ये सुरू झालेल्या उजाला योजनेमागच्या खरेदीत एलईडी बल्बचा भाव २०१४ मधल्या ३१० रुपयांवरून २०१६ मध्ये ३८ रुपयांवर आला. त्याच एलईडी दिव्यांवरचा जीएसटी जुलै २०२२ मध्ये १२ वरून १८ टक्के झाला. कच्च्या मालावर जास्त आणि तयार मालावर कमी कर, हा उलटा क्रम सरळ करायचा होता हे खरे. तरी उपकरण आणि कर यांचा एकत्र विचार आपल्याकडे झालेला नाही, हेही त्यातून दिसते. स्थानिक पातळीवर मात्र उदाहरण घराजवळ आहे: पुणे महानगरपालिका सौर यंत्रणा, गांडूळखत आणि पर्जन्यजल संकलन करणाऱ्यांना मिळकतकरात ५ ते १० टक्के सूट देते. अटीला बांधलेली सवलत पुणेकरांच्या बिलावर छापून येते ती अशी.

अमेरिकी करकलमावर मराठीत पुस्तक का, या प्रश्नाचे एक उत्तर व्यावहारिक आहे. पुण्या-मुंबईतल्या कितीतरी कार्यालयांत अमेरिकी विवरणपत्रे तयार होतात, अमेरिकी इमारतींच्या ऊर्जा-प्रतिकृती बनतात. तिथे बसणाऱ्या तरुण सीएला वॅट म्हणजे काय हे आणि तरुण विद्युत अभियंत्याला घसारा म्हणजे काय हे कुणी मराठीत समजावलेले नाही. दोघेही एकाच प्रमाणपत्राच्या दोन टोकांवर काम करतात. दुसरे उत्तर अधिक लांबचे आहे. भारताच्या २००७ च्या ऊर्जा संवर्धन इमारत संहितेने कचेरीसाठी दर चौरस मीटरला १०.८ वॅटची मर्यादा घातली. हा आकडा म्हणजे दर चौरस फुटाला एक वॅट, आणि ॲशरे मानकाच्या २००४ च्या आवृत्तीतही कचेरीला तेवढीच मुभा होती. मोजपट्टी आपल्याकडे आधीच पोचली आहे. तिला करसवलत जोडायची वेळ आली, तर अमेरिकेने वीस वर्षांत काय कमावले, काय दवडले, हे माहीत असलेली माणसे इथे हवीत.

त्या माणसांसाठी हे पुस्तक लिहिले आहे. ते करसल्ला देत नाही, आणि कायद्याच्या प्रत्येक पोटकलमाचा पाठ लावत नाही. दिव्याचा भौतिक हिशेब, कराचा पैशाचा हिशेब आणि संसदेतल्या मुदतींचा राजकीय हिशेब हे तीन वेगळ्या कपाटांत ठेवले जाणारे विषय त्याने एका टेबलावर मांडले आहेत. उदाहरणे डॉलर आणि चौरस फुटांतच ठेवली आहेत, रुपयांत फिरवलेली नाहीत, कारण कायद्याचे सगळे उंबरे त्या एककांत बसवलेले आहेत. वाचकाने आपल्या कार्यालयाचे क्षेत्रफळ आणि छतातल्या फिटिंगांची वॅटसह यादी हाताशी घेऊन बसावे. पहिले उदाहरण सुटले की तोच हिशेब स्वतःच्या इमारतीला लावून पाहता येईल.